शुगर ताब्यात, तरी वास का?

खोकल्याची औषधं लिहून घेऊन ते दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि परत फिरले. "डॉक्टर, अजून एक होतं. खाली वास येतो. बरेच दिवस झाले." आवाज इतका बारीक की मला पुन्हा विचारावं लागलं. वय ५२, मधुमेह सहा वर्षं, गोळ्या नियमित. खाज येते का विचारलं, तर म्हणाले, "येते थोडी." मी बुरशीचा संसर्ग धरला, क्लोट्रिमाझोलचं मलम लिहिलं आणि "दिवसातून दोनदा लावा" असं सांगितलं. बाहेर रांग होती. मी तपासलं नाही. दाखवायला ते नाही म्हणाले असते असंही नाही, मी विचारलंच नाही.

चोवीस दिवसांनी ते परत आले तेव्हा वास तसाच होता, उलट आता कातडीला चिरा पडल्या होत्या. हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. लिहिण्याचं कारण एकच: या दुखण्याकडे आठ महिन्यांत कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः नाही, घरात कुणी नाही, आणि संधी मिळूनही मी नाही.

दुसऱ्या भेटीत मी दार लावून घेतलं आणि आधी वासाबद्दलच विचारलं. बहुतेक पुरुष "घाण वास" एवढंच सांगतात. पण वास कसा, कधी आणि कशाने जातो, यावर निम्मं निदान ठरतं. जांघेत आणि गुप्तांगाच्या आसपास वयात आल्यावर कामाला लागणाऱ्या घामाच्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव मुळात जवळजवळ बिनवासाचा असतो. कातडीवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास सुटतो. असा वास संध्याकाळपर्यंत वाढतो आणि आंघोळीने जातो, त्यात आजार काही नाही. लघवीचा वास नाकात झोंबतो, कारण कपड्यात मुरलेल्या लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली हवा न लागता वाढणाऱ्या जिवाणूंचा वास कुजका, मासळीसारखा असतो. माझे रुग्ण म्हणाले, "आंबूस असतो, कधीकधी कुजका. आंघोळ केली की दोन तास बरं वाटतं, मग परत."

हे दोन तास महत्त्वाचे होते. याचा अर्थ पाणी पोचत नाही अशा जागी काहीतरी साचत होतं, किंवा सतत नव्याने येत होतं. पुढे कळलं की दोन्ही खरं होतं.

मग मी त्यांना आंघोळ पायरीपायरीने सांगायला लावली. हा प्रश्न त्यांना विचित्र वाटला, पण उत्तर मिळालं ते असं. दिवसातून तीनदा धुणं. प्रत्येक वेळी साबण दोनदा. जखमा धुवायचं जंतुनाशक द्रव, झाकणभर, नीट पातळ न करता. मग पावडर. बाहेर जायचं असेल तर अंगावर मारायचा सुगंधी स्प्रे तिथेही. खाज वाढली की कुणीतरी सुचवलेलं मलम, ज्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र होतं. त्याने दोन दिवसांत आराम पडायचा आणि आठवड्यात खाज दुप्पट व्हायची.

"आणि पुढची कातडी मागे घेऊन आतून धुता का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. "आधी घ्यायचो. आता दुखतं. पाच-सहा महिने नाही."

"मी दिलेलं मलम कुठे लावलंत?"

"जांघेत. आणि वरून."

मी "लावा" म्हणालो होतो, कुठे लावायचं ते सांगितलं नव्हतं. चोवीस दिवस त्यांनी इमानेइतबारे औषध लावलं होतं, फक्त आजाराच्या जागी नाही.

तपासताना जांघेच्या घडीत थोडी काळसर झाक होती, पण गजकर्णाची उठावदार गोल कड नव्हती. अंडकोशावरची त्वचा लालसर, कोरडी, साल निघाल्यासारखी होती. ही साबणाची, जंतुनाशकाची आणि त्या मलमाची करणी. अंडकोशाची त्वचा फार पातळ असते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागापेक्षा अंडकोशातून ४२ पट जास्त शोषलं गेल्याचं दिसलं होतं. तिथे स्टिरॉइडचं मलम मनाने लावू नये, असं मी कळकळीने सांगतो ते यामुळे.

खरी जागा पुढच्या कातडीच्या तोंडाशी होती. ओठांचे कोपरे फाटावेत तशा बारीक उभ्या चिरा, कडा पांढुरक्या. कातडी हलक्या हाताने अर्धीच मागे आली, तीही त्यांनी दात आवळल्यावर. आत शिश्नमुंडावर पांढरट थर होता. ओल्या कापसाने पुसला तर निघाला, खाली लालभडक, चकाकणारी, ओलसर त्वचा. वास तिथून येत होता. शिश्नमुंडाच्या अशा दाहाला बॅलनायटिस म्हणतात, आणि कातडीही सुजलेली असली की बॅलनोपोस्थायटिस.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबून बोलायला हवं. कातडीखाली जो पांढरा थर साचतो त्याला स्मेग्मा म्हणतात. झडलेल्या पेशी, तेलकट स्राव आणि ओलावा यांचं ते मिश्रण, प्रत्येक पुरुषात तयार होणारं. तो असणं हा आजारही नाही आणि घाणेरडेपणाही नाही. धुतला की जातो. तो साचून राहिला, त्यात जिवाणू-बुरशी वाढली आणि खालची त्वचा चिडली की दुखणं सुरू होतं. माझ्या रुग्णाला आठ महिने वाटत होतं की आपण पुरेसे स्वच्छ नाही. म्हणून ते आणखी घासत होते, आणि घासून घासून त्वचेचं संरक्षण घालवत होते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साबणाची वडी अल्कधर्मी. साध्या त्वचेला ते चालून जातं, सुजलेल्याला नाही.

आता कारण. मधुमेही पुरुषाला कातडीखाली बुरशी झाली तर पहिला संशय साखरेचा. कधीकधी मधुमेह पहिल्यांदा कळतो तोच या तक्रारीवरून. पण यांची फाइल व्यवस्थित होती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.७, उपाशीपोटी साखर ११२. याच कागदाने पहिल्या भेटीत मला निर्धास्त केलं होतं. शुगर ताब्यात आहे, म्हणजे साखरेचा संबंध नाही, असं मी मनात धरलं होतं.

लघवीची पट्टी मी केली ती संसर्ग पाहायला. पांढऱ्या पेशी नाहीत, नायट्राइट नाही. पण साखरेचा हिरवट-निळा चौकोन अर्ध्या मिनिटात गडद तपकिरी झाला. तीन प्लस. पट्टी जुनी असेल म्हणून नव्या डबीतली दुसरी घेतली, तीही तशीच. लगेच बोटातून रक्त घेतलं तर साखर १३८. साधारणपणे रक्तातली साखर १८०च्या आसपास गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. रक्तात १३८ आणि लघवीत तीन प्लस, हे गणित जुळत नव्हतं.

"गोळ्यांची पाकिटं आहेत जवळ?"

त्यांनी खिशातून दोन काढली. एक मेटफॉर्मिन. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम, मधुमेहतज्ज्ञांनी दहा महिन्यांपूर्वी जोडलेली. वास सुरू होऊन आठ महिने झाले होते.

ही गोळी मूत्रपिंडावर काम करते. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. त्यातलं बहुतांश काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं त्याला अडवतात, म्हणून साखर लघवीवाटे बाहेर जाते. टाइप-२ मधुमेहात ती दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास भरते. या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे: १८३५ मध्ये तिच्यातून फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं, आणि त्याने लघवीत साखर उतरते हे नंतर त्याच शतकात कळलं. म्हणजे या रुग्णाच्या लघवीतली साखर हे औषध नीट चालू असल्याचं लक्षण होतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता तो त्याचमुळे, आणि चौकोन तपकिरी झाला तोही त्याचमुळे.

जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग हा या गोळ्यांचा सगळ्यांत माहीत असलेला दुष्परिणाम. स्त्रियांत जास्त, पण पुरुषांतही होतो, विशेषतः सुंता न झालेल्या आणि आधी कधी असा त्रास झालेल्या पुरुषांत. त्यांना कुणी सांगितलं होतं का? "खूप पाणी प्या एवढं सांगितलं होतं." सांगितलं असेलही. पण गोळी हातात देताना ऐकलेलं आणि दोन महिन्यांनी त्रास सुरू झाल्यावर आठवलेलं यात फार अंतर असतं.

त्या आठ महिन्यांत काय घडलं ते आता सलग दिसत होतं. लघवी झाल्यावर मूत्रमार्गाच्या वळणदार भागात थोडे थेंब अडकून राहतात आणि नंतर ओघळतात. वय वाढेल तसं हे जास्त होतं, आणि ते थेंब कातडीखाली जमतात. यांच्या थेंबांत साखर होती. ऊब, ओल, अंधार आणि साखर मिळाल्यावर बुरशी वाढली. त्वचा चिडली म्हणून कातडी मागे घेणं दुखायला लागलं. मागे घेणं थांबलं म्हणून आतलं धुणं थांबलं, आणि साचलेल्यात कुजका वास देणारे जिवाणू शिरले. सुजेने तोंड आवळलं, जोर लावला की चिरा पडू लागल्या. वरून साबण आणि जंतुनाशक. पावडर ओलाव्यात गोळे धरून बसली. स्टिरॉइडने खाज दबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. यातलं एकही पाऊल त्यांनी बेफिकिरीने टाकलेलं नव्हतं.

"मग ही गोळी आजच बंद करतो," ते उठतच म्हणाले.

मी थांबवलं. त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात होतं, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होत होती. क्रिएटिनिनशी असलेलं त्याचं प्रमाण ३०च्या आत हवं, ते १४० होतं. अशा मूत्रपिंडाला या औषधाचा साखरेपलीकडे फायदा असतो, हृदयालाही असतो. मधुमेहतज्ज्ञांना त्यांच्यासमोरच फोन केला आणि ठरवलं: आधी संसर्ग घालवू, जागेची निगा शिकवू, तरीही पुन्हा पुन्हा झालं तर गोळी बदलू. वासासाठी मूत्रपिंडाचा फायदा सोडून द्यायचा की नाही हा निर्णय रुग्णाने एकट्याने, रागाच्या भरात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. मात्र एक धोका मी स्पष्ट सांगितला. अंडकोश ते गुदद्वार या पट्ट्यात वेगाने पसरणारी सूज, लाली, तीव्र वेदना, सोबत ताप किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, असं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. फोर्निएर गँगरीन हा त्या भागातल्या ऊतींचा जीवघेणा संसर्ग या औषधांसोबत क्वचित दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

दुसरी काळजी मी लगेच बोलून दाखवली नाही, पण ती मनात होती. कातडी पूर्ण मागे येत नाही म्हणजे खाली काय आहे ते दिसत नाही. दीर्घकाळ आवळलेली कातडी आणि वारंवार होणारा दाह या दोन्हींमुळे शिश्नाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, धूम्रपान आणि एचपीव्ही या विषाणूमुळेही. तो अशाच ठिकाणी, वास आणि स्रावाच्या आड लपतो. कातडीवरून बोटाने चाचपलं, गाठ लागली नाही. जांघेतल्या गाठी सुजलेल्या नव्हत्या. तरी केसपेपरवर लिहिलं: दोन आठवड्यांत शिश्नमुंड पूर्ण दिसायलाच हवं, न दिसल्यास मूत्ररोग शल्यचिकित्सकांकडे.

बाकीच्या शक्यता पटकन आटोपल्या. मूत्रमार्गातून पू नव्हता, फोड किंवा जखम नव्हती, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. जांघेत वारंवार फुटणारी गळवं नव्हती. पूर्ण अंगाला, श्वासालाही मासळीचा वास येणारा ट्रायमिथाइलअमिन्युरिया हा दुर्मीळ आनुवंशिक विकार इथे लागू नव्हता. आणि वास नसताना तो येतोय अशी खात्री बाळगून माणूस माणसांत जाणं सोडतो, तोही आजार आहे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञ करतात. इथे वास खरा होता, तो मलाही आला होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले. "म्हणजे माझ्या मनाचं नाही."

उपचार साधे होते. क्लोट्रिमाझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. कुजक्या वासासाठी मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि तोवर मद्य बंद. साबण, जंतुनाशक, पावडर, स्प्रे आणि ते तिहेरी मलम, सगळं बंद.

मलम कुठे लावायचं हे या वेळी शब्दांवर सोडलं नाही. शर्टाची बाही अंगठ्यावर ओढली आणि दाखवलं: ही कातडी, हे मुंड. बाही दुखणार नाही इतपतच मागे घ्यायची, जोर नाही. कोमट साध्या पाण्याने मुंडावरून आणि त्यामागच्या खोबणीतून बोट फिरवायचं. मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. मलम मुंडावर आणि बाहीच्या आतल्या अस्तरावर, पातळ. आणि सगळं झालं की बाही न विसरता पुढे आणायची. मागे अडकून राहिली तर ती सुजते, रक्तपुरवठा कोंडतो आणि धावपळ करावी लागते. मग त्यांनी स्वतःच्या बाहीवर तेच करून दाखवलं, दोनदा.

लघवीनंतरचंही शिकवलं. घाई करायची नाही. अंडकोशाच्या मागे बोटांनी हलका दाब देऊन पुढे आणायचा म्हणजे अडकलेले थेंब बाहेर येतात. कातडी थोडी मागे घेऊन पाण्याने धुवायचं, पाणी नसेल तर टिपून कोरडं करायचं. ही गोळी घेणाऱ्याने एवढं रोज करावं, त्रास नसतानाही. आतले कपडे सुती, सैल, ओले झाले की बदलायचे. सुगंधी ओले टिश्यू नकोत, त्यातल्या काही संरक्षक रसायनांची ॲलर्जी होते.

चौदाव्या दिवशी ते आले ते पत्नीला घेऊन. आधी त्यांना एकट्यांना तपासलं. चिरा भरल्या होत्या, लाली गेली होती, कातडी शेवटच्या घट्ट कड्यापर्यंत मागे आली आणि थोड्या सावकाशीने त्याच्याही मागे गेली. मुंड पूर्ण दिसलं. जखम नाही, गाठ नाही, पांढरा कडक डाग नाही. माझ्या मनावरचं दडपण तेव्हा उतरलं. उरलेल्या घट्ट कड्यासाठी बीटामेथासोनचं मलम, अगदी पातळ, फक्त त्या कड्यावर, चार आठवडे. "डॉक्टर, यातही स्टिरॉइडच ना?" त्यांनी बरोबर विचारलं. हो. पण आता संसर्ग गेलेला होता, जागा बोटभर होती आणि मुदत ठरलेली होती.

मग पत्नी बोलल्या, आधी जमिनीकडे बघत. त्यांनाही वर्षभरात दोनदा योनिमार्गाच्या जिवाणूबदलाचा, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा त्रास झाला होता. औषधाने जायचा, परत यायचा. "मला वाटायचं वास माझाच आहे. म्हणून मी लांब झोपायचे." पती त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटत होतं, आपल्या वासामुळे ती लांब झोपते.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून तोच त्रास पुन्हा असल्याचं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये एक ऑस्ट्रेलियन चाचणी प्रसिद्ध झाली आहे, १६४ जोडप्यांची. फक्त स्त्रीला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना त्रास परत झाला. पतीलाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम दिलं तेव्हा ३५ टक्के जणींना. वर्षानुवर्षं आम्ही पुरुषाला औषध लागत नाही असं सांगत आलो होतो. यांना दोघांनाही एकाच आठवड्यात औषध दिलं, त्या आठवड्यात संबंध टाळायला सांगितलं. त्यांनी आधीच सात दिवसांचा कोर्स घेतला होता, तो पुन्हा घ्यायला ते लगेच तयार झाले.

तीन महिन्यांनी एकदा खाज आली होती. प्रवासात दोन दिवस धुणं राहून गेलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी आरशात पाहिलं, मलम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. पाच दिवसांत ते थांबलं. अल्ब्युमिनचं प्रमाण ९० वर आलं आहे, गोळी चालू आहे. परवाच्या भेटीत लघवीची पट्टी पुन्हा केली. साखरेचा चौकोन अर्ध्या मिनिटात तपकिरी झाला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि मी न सांगता तपासणीच्या टेबलाकडे गेले.